विद्यापीठ मुद्रणालय कशामुळे होतं, आणि दंडारीवरचा प्रबंध कुठे छापावा

ब्रह्मपुरीकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्यावर त्यांनी पीएच.डी. केली. आता एका प्रकाशन संस्थेचं पत्र आलं आहे की आम्ही तुमचा प्रबंध पुस्तकरूपाने काढतो. संस्थेच्या नावात 'युनिव्हर्सिटी प्रेस' हे शब्द आहेत, खर्च मात्र लेखिकेनेच भरायचा आहे. असं मुद्रणालय म्हणजे नेमकं काय, ते कसं सुरू झालं, आपल्या नागपूर-अमरावती-गडचिरोलीच्या विद्यापीठांकडे ते का दिसत नाही आणि पुस्तक या संस्थेला द्यावं की नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, आधी पैशाचं सांगतो. भरू नका. कारण सांगायला मात्र मला जरा मागे जावं लागेल. यवतमाळ जिल्ह्यात खिळ्यांच्या जुळणीपासून ऑफसेटपर्यंत माझी हयात याच कामात गेली आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

केंब्रिज विद्यापीठाला राजा आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये सनद दिली. विद्यापीठाने आपले मुद्रक नेमावेत आणि त्यांनी सर्व प्रकारची पुस्तकं छापावीत, अशी ती सनद होती. तिला एक अट होती. कुलपती किंवा त्यांचा प्रतिनिधी आणि तीन विद्वान यांनी पसंत केलेलं पुस्तकच छापायचं. आता पुढचं बघा. त्या सनदेखाली प्रत्यक्ष पुस्तक छापणारा मुद्रक टॉमस टॉमस, त्याचं काम १५८४ मध्ये सुरू झालं. म्हणजे पुस्तक वाचून 'हे छापण्यालायक आहे' असं ठरवणारी माणसं आधी आली आणि यंत्र पन्नास वर्षांनी आलं. दुसरं टोकही पाहा. केंब्रिजने स्वतःची छपाई २०१२ मध्ये बंद केली. ऑक्सफर्डने आपला छापखाना त्याआधीच, १९८९ मध्ये, बंद केला होता. दोन्ही संस्था आजही जगातल्या मोठ्या विद्यापीठीय प्रकाशन संस्था आहेत. यंत्रं गेली तरी त्यांचं काही अडलं नाही. वाचून मंजुरी देणारी मंडळी गेली असती, तर मागे फक्त नाव उरलं असतं.

ऑक्सफर्डची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या गावात पहिलं पुस्तक १४७८ मध्ये छापलं गेलं, कोलोनहून आलेल्या थिओडोरिक रूड नावाच्या मुद्रकाकडे. त्या पुस्तकावर साल १४६८ पडलं आहे, कारण रोमन आकड्यांतला एक 'एक्स' जुळणीत राहून गेला. मुद्रितशोधन शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही हकिगत सांगतो. मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि सालाची ओळ घाईच्या वेळी कुणीच धड वाचत नाही, म्हणून चूक नेमकी तिथेच राहते.

पुढे १५८६ मध्ये इंग्लंडच्या दरबारी न्यायालयाने लंडनबाहेर छपाईला मनाई केली आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजला एकेक छापखान्याची सूट दिली. १६३६ ची मोठी सनद आर्चबिशप लॉड यांच्या खटपटीने मिळाली आणि तिने ऑक्सफर्डला बायबलसकट सगळं छापण्याचा हक्क दिला. लंडनच्या मुद्रकांच्या संघाला याची धास्ती बसली. त्यांनी विद्यापीठाशी करार केला, की तुम्ही बायबल आणि आमची फायद्याची पुस्तकं छापू नका, आम्ही तुम्हाला दरसाल दोनशे पौंड देतो. विद्यापीठाने ते घेतले. म्हणजे त्या छापखान्याच्या सुरुवातीच्या कमाईत न छापण्याचे पैसेही होते.

हे सांगण्यामागे हेतू आहे. विद्वत्तेचं पुस्तक स्वतःच्या पायावर कधीच उभं राहिलेलं नाही, कुठल्याच देशात नाही. ऑक्सफर्डचे जॉन फेल यांनी सतराव्या शतकात नेदरलंड्सहून ठसे आणि मातृका (खिळे ओतायचे साचे) मागवल्या, शेल्डोनियन सभागृहात यंत्रं बसवली, १६८६ मध्ये वारले तेव्हा आपले टाइप विद्यापीठाला देऊन गेले. त्यांना छापायच्या होत्या ग्रीक, अरबी, कॉप्टिक संहिता. या व्यवसायाला पोसलं मात्र बायबल आणि प्रार्थनापुस्तकांनी. पुढे त्यांच्या जोडीला शाळेची पुस्तकं आणि कोश आले. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा करार जेम्स मरे यांच्याशी १८७९ मध्ये झाला तेव्हा दहा वर्षांत चार खंड असा अंदाज होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले. असं काम कुठल्या सावकाराने धरून ठेवलं असतं? विद्यापीठाने धरलं, कारण दुसऱ्या हाताने बायबल विकलं जात होतं.

आमच्याकडे लग्नसराईच्या पत्रिका, बाजार समितीच्या पावत्या आणि ग्रामपंचायतीचे नमुने यांच्या कमाईतून एखाद्या शाहिराचं किंवा मास्तरांचं पुस्तक निघतं, तसाच हा प्रकार, फक्त आकाराने अवाढव्य.

केंब्रिजला या कामाची शिस्त रिचर्ड बेंटली यांनी १६९० च्या दशकात लावली. मुद्रकाच्या मर्जीवर काम सोडायचं नाही, विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने हिशेबही पाहायचा आणि काय छापायचं तेही ठरवायचं. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'ची दुसरी आवृत्ती १७१३ मध्ये तिथूनच निघाली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७८ मध्ये प्रकाशन सुरू केलं, तेही गणिताच्या नियतकालिकापासून. तिथले पहिले अध्यक्ष गिलमन यांचं म्हणणं होतं की ज्ञान वर्गात येऊन बसणाऱ्यांपुरतं ठेवू नये, दूरदूर पसरवावं, ते विद्यापीठाचं कर्तव्यच आहे.

आता आपल्या बाजूला येऊ. मराठी गद्य छापलं जाण्याच्या सुरुवातीचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १८०० मध्ये बंगालमध्ये, डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला मिशनचा छापखाना निघाला. त्याच वर्षी कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झालं. तिथे मराठी शिकवत होते विल्यम कॅरी आणि त्यांना मराठी शिकवणारे, त्यांच्याबरोबर काम करणारे पंडित होते नागपूरचे वैजनाथशास्त्री. कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आलं, कोश १८१० मध्ये. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश ही पुस्तकंही श्रीरामपूरला मोडी टाइपात छापली गेली, नागपूरकर भोसल्यांची वंशावळसुद्धा छापली गेली. ही पुस्तकं भाविकांसाठी नव्हती. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकाच्या देखरेखीखाली, नेमलेल्या पंडिताने तपासून केलेली होती. माझ्या मते विद्यापीठ मुद्रणालयाचं काम मराठीत पहिल्यांदा झालं ते इथे, आणि त्यात आपल्या नागपूरच्या माणसाचा हात होता.

भारतात हे काम खऱ्या अर्थाने उभं केलं ते सर आशुतोष मुखर्जींनी. ते कुलगुरू असताना १९०८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने स्वतःचा छापखाना सुरू केला. दिनेशचंद्र सेन यांचा बंगाली भाषा आणि साहित्याचा इतिहास विद्यापीठाने १९११ मध्ये काढला, सुनीतिकुमार चटर्जींचा बंगाली भाषेच्या जडणघडणीवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९२६ मध्ये. देशी भाषेवरचं संशोधन विद्यापीठाच्या पैशाने आणि विद्यापीठाच्या नावावर निघावं, हा विचार तेव्हा नवा होता. हैदराबादेत निजामाने १९१७ मध्ये भाषांतर विभाग काढला आणि उस्मानिया विद्यापीठासाठी उर्दूतून विज्ञान-कायद्याची पुस्तकं तयार करवली. व्यापारी बाजूने ऑक्सफर्डची मुंबई शाखा १९१२ मध्येच आली होती, पण तिची मुख्य भिस्त शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांवर होती.

मग नागपूरचं काय झालं? इथली हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं आधी कलकत्ता विद्यापीठाला, नंतर अलाहाबादला जोडलेली होती. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालं. त्याच वर्षी अमरावतीला विदर्भ साहित्य संघ निघाला. यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमात महानुभावांच्या पोथ्या जमवल्या. बुलढाण्याचे या. मा. काळे यांनी वऱ्हाडचा इतिहास १९२४ मध्ये आणि नागपूर प्रांताचा १९३४ मध्ये छापून काढला. म्हणजे संशोधन जोरात होतं, पण पुस्तक निघायचं ते व्यक्तीच्या, देणगीदाराच्या किंवा मंडळाच्या बळावर. विद्यापीठाने ग्रंथ काढलेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. डॉ. वा. वि. मिराशी यांचा वाकाटकांवरचा मराठी ग्रंथ नागपूर विद्यापीठानेच १९५७ मध्ये प्रकाशित केला आणि रामटेक-नगरधनचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तो आजही हातात घ्यावा लागतो. स्वातंत्र्याच्या आसपास डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून पारिभाषिक शब्दांचे मोठमोठे कोश रचले, तेही याच वातावरणात.

तरी गाडी पुढे सरकली नाही. डॉ. वि. भि. कोलते यांचंच उदाहरण घ्या. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे, महानुभाव वाङ्मयाचे थोर अभ्यासक, १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये निघालं ते राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या ते अमरावती जिल्ह्यात, संपादक स्वतः माजी कुलगुरू, आणि ग्रंथ काढला मुंबईच्या शासकीय मंडळाने. मंडळाने उत्तम काम केलं, त्याबद्दल ऋणीच राहायला हवं. पण ते काम विद्यापीठाकडून व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

याची कारणं माझ्या समजुतीप्रमाणे अशी. आपल्या विद्यापीठांचा जीव परीक्षेत अडकलेला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांना जोडून घ्यायचं, त्यांच्या परीक्षा घ्यायच्या, निकाल लावायचे. छपाई म्हणजे प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, अर्ज, गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिका. या कामाला गुप्तता आणि तारीख या दोनच गोष्टी लागतात. ग्रंथाला लागतो तो वेळ आणि वाद घालणारा वाचक, आणि ते त्याच विभागात, त्याच माणसांकडून मिळणं अवघड. ग्रंथ निघाला तर तो एखाद्या कुलगुरूच्या उत्साहाने निघतो, कुलगुरू बदलले की काम थांबतं. उरलेल्या प्रती गोदामात. विकायला माणूस नेमलेला नसतो, पुस्तकाची किंमत यादीत असते पण यादी कुणाकडे नसते. ज्याने पुस्तक मागवायला विद्यापीठात चकरा मारल्या आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

एक मोठा प्रयत्न झाला होता. १९६८ च्या शैक्षणिक धोरणानंतर केंद्राने विद्यापीठ पातळीची पुस्तकं प्रादेशिक भाषेत काढण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपये देऊ केले. महाराष्ट्रात त्यातून 'महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ' उभं राहिलं आणि त्याचं ठाणं होतं नागपूर. राज्यशास्त्र, इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान अशा विषयांवर प्राध्यापकांकडून लिहवून घेतलेली ती पुस्तकं विदर्भातल्या जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत अजून सापडतात. तुमच्या कॉलेजातही असतील, मागच्या कपाटात बघा. तज्ज्ञाने लिहायचं, दुसऱ्या तज्ज्ञाने तपासायचं, मग छापायचं, ही रीत त्यांनी पाळली होती. मराठीतलं खरं विद्यापीठ मुद्रणालय कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी या मंडळाचं नाव घेईन.

दुसरं उदाहरण अकोल्याचं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं. त्यांची 'कृषी संवादिनी' घ्यायला शेतकरी स्वतः जातात, पिशवीत घालून गावी नेतात, वर्षभर कापूस-तूर-सोयाबीनच्या शिफारशी त्यात बघतात. ऑक्सफर्डला बायबल होतं, आपल्याकडे हे आहे. विकलं जाणारं, विश्वासाचं, दरवर्षी नव्याने लागणारं प्रकाशन विदर्भातल्या एका विद्यापीठाकडे आहेच. सगळ्या विद्यापीठांनी मिळून असं एखादं चालणारं प्रकाशन धरलं, उदाहरणार्थ पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी चांगली मराठी पाठ्यपुस्तकं, आणि त्याची शिल्लक झाडीबोली, वऱ्हाडी, गोंडी, कोरकूवरच्या अभ्यासाला लावली, तर तुमच्यासारख्यांना अशी पत्रं वाचत बसावी लागणार नाहीत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. त्यांनी इमारतीबरोबरच एक प्रकाशन समिती आणि विक्रीला एक माणूस नेमावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यंत्र घेऊ नये. छापायला नागपूर-अमरावतीत हवी तेवढी यंत्रं आहेत.

आता तुमच्या पुस्तकाचं.

तुम्हाला आलेल्या पत्रासारखी पत्रं २०१० नंतर वाढली. त्या वर्षीच्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण मिळू लागले. तेव्हापासून आयएसबीएन म्हणजे दर्जाचा शिक्का असा समज पसरला. तो तसा नाही. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो, आणि लेखक स्वतःही घेऊ शकतो. त्याच्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर तिथेच बोलणं थांबवा. पत्र पाठवणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: हे कोणत्या विद्यापीठाच्या कायद्याखाली चालतं, माझी संहिता कोण वाचणार, आणि त्यांचं लेखी मत मला मिळेल का. उत्तर 'आमचं संपादक मंडळ आहे' एवढंच आलं तर समजून जा. पाच दिवसांत 'स्वीकृत' असं कळवणाऱ्याने तुमचं पान उलटलेलंही नसतं.

दुसरं म्हणजे, प्रबंध जसाच्या तसा छापू नका. तो यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर असणारच, ज्याला लागतो तो तिथे वाचेल. गृहीतकं, संशोधन पद्धती, पूर्वसंशोधनाचा आढावा ही प्रकरणं परीक्षकांसाठी होती. पुस्तकाचा वाचक दंडार बघितलेला आहे किंवा बघू इच्छितो. त्याला संहिता हव्यात, चाली कुणाकडून ऐकल्या ते हवं, कोणत्या गावात कोणत्या सणाला उभी राहते ते हवं. ज्या कलावंतांनी तुम्हाला गाऊन दाखवलं त्यांची लेखी परवानगी घ्या आणि त्यांचं नाव त्या त्या गाण्याखाली छापा, फक्त ऋणनिर्देशात नको.

तिसरं, आणि इथे मी जरा हट्टाने बोलतो. झाडीबोलीतलं लेखन प्रमाण मराठीत 'दुरुस्त' होऊ देऊ नका. गाण्यात 'पानी' असेल तर 'पानी'च राहिलं पाहिजे. मुद्रितशोधक सवयीने 'पाणी' करतो, त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी तुमचा पुरावा पुसला जातो. म्हणून संहितेबरोबर एक-दोन पानांचं लेखननियमांचं टिपण द्या आणि संहितेची प्रूफं दंडार करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. कान चूक पकडतो, जिथे डोळा फसतो. तुमचा प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर रूपांतर करताना जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या हलतात. रूपांतरानंतर ओळ न ओळ मूळ प्रतीशी ताडा.

तपासणी मात्र विद्यापीठाच्या रीतीने व्हायलाच हवी आणि ती तुम्ही स्वतः घडवून आणू शकता. १५३४ च्या सनदेत तीन विद्वान होते, तुम्हीही तीन माणसं गाठा. एक लोकसाहित्याचा अभ्यासक, मार्गदर्शक सोडून दुसरा. एक बोलीचा जाणकार. एक दंडारीतला कलावंत. त्यांना संहिता द्या, दोन महिने द्या, लेखी मत मागा, मानधन द्या. प्रकाशकाला देणार होता त्याच्या लहानशा हिश्शात हे होतं. मग ती मतं आणि तुमची सुधारित संहिता घेऊन गोंडवाना विद्यापीठाकडे अर्ज करा, साहित्य संस्कृती मंडळाकडे करा, विदर्भ साहित्य संघाकडे विचारा. तिन्हीकडून नकार आला तरी पुस्तक चांगलं झालेलं असेल आणि मग ते एखाद्या स्थानिक प्रकाशकाकडून किंवा स्वतः काढायला संकोच नको.

स्वतः काढलंत तर डेमी आकार घ्या, ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद पुरतो. पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर शेवटच्या फर्म्यात (एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्यात) कोरी पानं राहतात आणि त्यांचेही पैसे पडतात. तीनशे प्रतींपेक्षा जास्त एकदम छापू नका, आता मागणीप्रमाणे पुन्हा छापता येतं. करारात हक्क तुमच्याकडे ठेवा. छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत एकेक प्रत पाठवा. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. त्यानंतर वडसा, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या पट्ट्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना आणि ज्या गावांत तुम्ही रात्री जागून दंडार टिपून घेतलीत त्या प्रत्येक गावाला एक प्रत द्या.

पहिली दोन प्रकरणं आणि एका पूर्ण दंडारीची संहिता तयार झाली की मला पाठवा. जुळणी आणि लेखननियमांच्या बाजूने मी वाचून देईन.